कोंबडावाल्यांचा खांब

सकाळी गावाला जाग आली ती टल बाईंच्या किंकाळीने. निवडणुकीसाठी चौकात उभारलेला, झेंडा लावलेला सत्तर फुटी प्रचारखांब चिखलात आडवा पडला होता आणि त्याच्याखाली त्यांचा नवरा जॅस्पर टल होता. कानांनी मंद झालेला म्हातारा खांबाची राखण करायला कोणालाही न सांगता तिथेच घोंगडी पसरून झोपला होता. त्याच्यात अजून धुगधुगी होती, म्हणून त्याला घरी नेलं.

शेजारी करवत पडली होती. दांड्यावर अक्षरं होती, ऑरिन प्रुइट.

कोंबडा आणि गरुड ही दोन पक्षांची निवडणूक चिन्हं, आणि अमेरिकेच्या इंडियाना राज्यातल्या त्या गावात माणूस जन्मतःच कोंबडावाला किंवा गरुडवाला असायचा. खांब कोंबडावाल्यांचा, ऑरिन गरुडवाला. शिवाय शनिवारी त्यानेच ओरडून सांगितलं होतं, "तुमचा खांब कापून चुलीत घालतो!"

नऊ वाजेपर्यंत ऑरिन कोठडीत होता आणि कॉन्स्टेबल रूएलच्या दारात तीनशे माणसं जमली. एकाच्या हातात दोर होता.

ऑरिनची बहीण लविनिया गावच्या शाळेत शिकवायची. बाई असल्याने तिला मताचा हक्क नव्हता, ती कोंबडावाली नव्हती की गरुडवाली, म्हणून निदान तिचं कोणी ऐकून तरी घेत होतं.

"करवत तुझी ना?" तिने गजांबाहेरून ऑरिनला विचारलं.

"माझीच. गिरणीच्या उघड्या पडवीत टांगलेली असते. कोणीही उचलेल. ताई, जॅस्पर गेला तर ही माणसं कोर्टाची वाट बघणार नाहीत गं!"

आईवेगळ्या या भावाला तिनेच वाढवलं होतं. ती तडक चौकात गेली.

खांबावर झेंडा चढवायचा दोर कापलेला नव्हता, गाठ नीट सोडलेली होती. झेंडा विहिरीच्या छपराखाली ठेवलेला होता. लांबीने दोनदा दुमडलेला, मग गुंडाळलेला, टोक शेवटच्या घडीत खोचलेलं. त्यावर चिखलाचा ठिपकाही नव्हता.

"हा इथे कोणी ठेवला?" तिने रूएलला विचारलं.

"आम्ही आलो तेव्हा असाच होता. मतदानापर्यंत उतरवायचा नाही अशी शपथ होती आमची. तुझ्या भावाने उतरवून आमचं नाक कापलं, दुसरं काय!"

तिथून ती पोस्टात गेली. पोस्टमास्तर होजिया क्रेन कोंबडावाल्यांचा गावातला पुढारी. आज मात्र चेहरा पांढराफटक.

"काका, शनिवारच्या मेळाव्याला किती माणसं होती?"

"वीस. लोकांत दमच उरला नाही, पोरी. आमचे राष्ट्राध्यक्ष निवडणुकीत पडले तर..."

"तर पोस्टमास्तर बदलणार."

"बदलतोच. साठाव्या वर्षी मला कोण कामावर ठेवणार?" बोलता बोलता त्याने टपालाची रिकामी थैली उचलली, लांबीने दोनदा दुमडली, गुंडाळली, टोक आत खोचलं. "जॅस्पर कसा आहे गं?"

ती आल्यापासून हा प्रश्न त्याने तिसऱ्यांदा विचारला होता.

ती थैली आणि चौकातला झेंडा घेऊन लविनिया कोठडीपाशी परतली तेव्हा दोरवाला पायरीवर चढला होता. ती त्याच्या आडवी उभी राहिली.

"फासच द्यायचा ना? मग आधी सांगा, खांब पाडणारा दुष्मन झेंडा का वाचवेल? गाठ सोडून, हळू खाली घेऊन, घडी घालून?"

"थट्टा म्हणून!"

"थट्टा करणारा तो चिखलात तुडवेल. हा ज्याने उतरवला त्याला झेंडा जमिनीला लागलेला सोसत नव्हता. ही घडी पलटणीतली आहे. आपल्या गावातून युद्धावर कितीजण गेले होते?"

"तिघं," रूएल म्हणाला. "जॅस्पर, ईनॉक आणि..."

"जॅस्पर खांबाखाली सापडला. ईनॉक, तुझ्याच्याने करवत चालेल?"

ईनॉकने रिकामी बाही वर केली. "माझ्याच्याने बूटसुद्धा बांधवत नाही, बाई."

तिच्यामागून आलेल्या होजियाकडे गर्दीतून आपोआप वाट झाली. लविनियाने पोस्टातली थैली झेंड्याशेजारी ठेवली. घडी तीच होती.

"शनिवारी वीस माणसं. आज तीनशे, आणि सगळी चिडलेली. आता एकही कोंबडावाला घरी बसणार नाही. काका, हेच हवं होतं ना तुम्हाला? माझ्या भावाची करवत पडवीत आयतीच होती, आणि त्याच्या बडबडीमुळे संशयही त्याच्यावरच जाणार होता."

"होजिया, ती खोटं बोलतेय, सांग तिला," रूएल अजीजीने म्हणाला.

होजियाने टोपी काढली. "अंधारात मला तो दिसला नाही रे! लोक जरा पेटतील एवढंच वाटलं होतं. जॅस्परने तीन दिवस मला खांद्यावर वाहून आणलं होतं युद्धातून. त्याला मी..."

दोरवाल्याचा हात खाली आला. रूएलने किल्ली फिरवली. ऑरिन बाहेर येऊन बहिणीच्या गळ्यात पडला आणि लहान मुलासारखा रडला.

तेवढ्यात टल बाईंच्या घरातून डॉक्टर आले. "जॅस्पर गेला," ते म्हणाले.

"शुद्धीवर आला होता का?" होजियाने विचारलं.

"क्षणभर. झेंडा चिखलात पडला का, एवढंच विचारलं. नाही म्हणालो, तेव्हा बरं वाटलं त्याला."

टल बाई दारात आल्या. जॅस्परवर पांघरायला त्यांना तोच झेंडा हवा होता. होजियाने उलगडायला हात पुढे केला.

"तू नको," त्या म्हणाल्या, आणि झेंडा लविनियाच्या हातात दिला.