मुहूर्ताच्या वाटेत बापूजी

बापूजींनी ताट सारलं... आजही! सून मंदाबाईंच्या हातातला पिठलं-भाकरीचा घास तसाच राहिला.

"काऊन जी, मामाजी? माह्या हातचं गोड नाई लागत का?"

बापूजी भिंतीकडे वळले. रोहणा गावच्या या निवृत्त मास्तरांनी शंभरी ओलांडली, बायको पोचवली, एकुलता मुलगाही पोचवला, नोकरीपेक्षा जास्त वर्षं पेन्शन खाल्ली. मरणाचं तेवढं जमत नव्हतं! त्यापायी नात सपनाचं लग्न दोनदा लांबलं. लग्न जवळ आलं की बापूजी अत्यवस्थ होऊन सावंगीच्या दवाखान्यात, आणि मुहूर्त टळला की ठणठणीत घरी!

आता अक्षय्य तृतीया धरली होती. आर्वीचे व्याही सदाशिवराव, बापूजींचेच जुने विद्यार्थी, ओसरीवर चहा पिता पिता बोलून गेले, "ऐन मांडवात सुतक नको बा. मास्तरचं काय ते आधीच होऊन गेलं, त बरं."

डोळे गेले तरी बापूजींचे कान शाबूत होते. अरेरे, या लेकराच्या सौभाग्याआड आपला श्वास यावा...! त्या दिवसापासून त्यांनी अन्न सोडलं.

पण झालं भलतंच. मास्तर खंगल्याचं ऐकून सदाशिवराव धावत आले आणि खाटेपाशी बसत म्हणाले, "हे काई खरं नाई. तारीख मोडू."

सपना हुंदके देत खाटेला बिलगली. बापूजी गोंधळून गेले. जगलो तरी अडचण, मरायला घेतलं तरी अडचण!

"पोरी, मी तुह्यासाठीच त मरून राह्यलो होतो..."

मंदाबाईंच्या हातून वाटी निसटली. "अन् मी समजली, माह्यावर राग हाये! मामाजी, इचा बाप नाई. तुमी गेले त कन्यादान कोन करन?"

हे बापूजींच्या हिशोबातच नव्हतं! आणि त्यांच्या छातीतून जुना, वर्गातला आवाज उठला,

"सदाशिव! उभा राह्य!"

पांढऱ्या केसांचे व्याही ताडकन उभे राहिले.

"तारीख मोडशीन?"

"नाई, गुरुजी."

"मंदा, भाकर आन. मोठी आनजो."

अक्षय्य तृतीयेला सपनाचा हात वराच्या हाती देताना बापूजींच्या मिटल्या डोळ्यांतून अखंड धारा लागल्या. मग त्यांनी चाचपडत सुनेचा पदर धरला, आणि परवानगी मागावी तसं विचारलं,

"मंदा... आता जाऊ का वं?"

"कुठी जाता जी?" डोळे पुसत मंदाबाई म्हणाल्या, "पंगत बसाची हाये अजून."