डाव्या चाकातली घरघर

"रिकामा जाता फिरवू नको गो चेडवा. तेका भूक लागता."

आजी हे म्हणाली तेव्हा सीमा जेमतेम आज तिची लेक श्रेया आहे तेवढी असेल. घोडपदेवच्या चाळीत त्यांचं जातं खाटेखाली असायचं. आजी ते ओढून काढायची, आधी मूठभर तांदूळ घालायची आणि मगच खुंट्याला हात लावायची. सीमानं एकदा ते रिकामंच फिरवलं. दगडावर दगड घासून असा आवाज उठला की दातांच्या मुळांपर्यंत गेला. आजीनं धावत येऊन दाणे टाकले. आवाज खाली बसला. जातं भरल्या पोटानं मऊ फिरू लागलं.

पुढे हे सगळं सीमा विसरूनही गेली. आता तिची स्वतःची, सेकंडहँड का होईना, शाळेची व्हॅन होती. घोडपदेवची पोरं परळच्या शाळेत न्यायची, आणायची. त्यांत तिची श्रेयाही. मायलेकींचं घर या गाडीवरच चालायचं.

आवाज पहिल्यांदा ऐकला तो मीराबाईंनी. पोरांना उचलून चढवायला, उतरवायला ठेवलेल्या त्या मावशी.

"सीमा, पोरं उतरली की पुढलं डावं चाक घरघरतं गं. आणि आणखी एक..."

सीमा सकाळपासून तापलेली. "मावशी, तुमचं काम पोरं उचलायचं. गाडीतलं मला शिकवू नका. जमत नसेल तर दुसरी बाई बघते."

मीराबाईंनी ओठ मिटले ते मिटलेच.

मग तो आवाज सीमालाही ऐकू यायला लागला. कुठंतरी ऐकलेला वाटे, पण आठवेना. पोरांना सोडून रिकामी परतताना तो पायांच्या तळव्यांतून वर चढायचा. पोरं बसली की बंद. म्हणून ती रिकामी गाडी चालवणं टाळू लागली. भाजीला निघाली तरी श्रेयाला पुढच्या सीटवर बसवून न्यायची. श्रेयाचा युनिफॉर्म हल्ली सैल व्हायला लागला होता. शेजारणी म्हणायच्या, उंची धरतेय पोर.

शेवटी तिनं गाडी रघुच्या गॅरेजात घातली.

"बेरिंग गेलंय," रघु गाडीखाली न वाकताच म्हणाला. "बायका गाडी रडेपर्यंत चालवतात."

"तोंड कमी चालव, पाना चालव."

त्यानं जॅक लावला, चाक हातानं फिरवलं, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक मधोमध टेकवून मूठ कानाला लावली. चाक हवेत गुळगुळीत फिरत होतं. तरी त्यानं बेरिंग बदललं. दोघं लालबागला मसाला गल्लीपर्यंत जाऊन आली. मसाला कुटणारे डंक धडधडत होते, मिरचीचा ठसका नाकाला झोंबत होता, आणि त्या धडधडीच्या खालून ती घरघर येतच होती. रघुनं बॉल जॉइंट बदलला. घरघर होतीच. मग शेजारच्या बांधकामावरची वाळूची पोती मागं टाकली. आवाज वाढला.

"भार पडला की ओरडतं. म्हणजे चाकातच आहे."

"मग पोरं बसली की का थांबतं?"

रघुचा हात थांबला. "थांबतं? चल, येतो मी."

शाळा सुटल्यावर तो पोरांमध्ये दाटीवाटीनं बसला. तळहात पुढच्या डाव्या बाजूला, पत्र्यावर. वर सीटवर श्रेया पाय हलवत होती. गाडी निघाली. आवाज नव्हता.

"पोरं नेहमी इतकी गप्प असतात?" त्यानं विचारलं.

सीमानं आरशात मागं पाहिलं. पूर्वी याच पोरांना ती सिग्नलगणिक ओरडायची.

चिंचपोकळीच्या अलीकडे त्यानं गाडी थांबवायला लावली आणि उतरला. तळहात शर्टाला पुसत राहिला.

"चांगल्या चाकालाही आवाज असतो, सीमा. टायरचा, रस्त्याचा. याला काहीच नाही. ही गाडी माझ्याकडे परत आणू नको."

"अरे, पण झालंय काय तिला?"

तो मागं न बघता गर्दीत शिरला.

घोडपदेवला मीराबाई एकेका पोराला काखेत धरून उतरवू लागल्या. मनू उतरला. जुळ्या बहिणी उतरल्या. शेवटी श्रेया.

सीमानं इंजिन बंद केलं. चावी काढली.

घरघर सुरू झाली.

गाडी उभी होती. हँडब्रेक ओढलेला होता. सीमा खाली उतरून चाकासमोर वाकली. चाक जागचं हलत नव्हतं.

दगडावर दगड.

मग तिला खाटेखालचं जातं आठवलं. आजीची ती मूठ आठवली. दाणे पडताच मऊ झालेला तो आवाज.

"मावशी," ती चाकापासून उठली. "त्या दिवशी तुम्ही काय सांगत होतात?"

मीराबाई श्रेयाला कडेवर घेऊन उभ्या. पोर त्यांच्या खांद्यावर मान टाकून निजली होती.

"गाडीतलं मला काय कळतंय?"

"मावशी, पाया पडते. सांगा."

मीराबाईंनी चाकाकडे पाहिलं. मग पहिल्यांदाच सीमाच्या डोळ्यांत.

"माझं काम पोरं उचलायचं. सकाळी चढवते तेव्हा जड असतात गं. घरी उतरवते तेव्हा हलकी लागतात. रोज थोडी थोडी." त्यांनी श्रेयाला एका हातानं, ओढणी द्यावी तशी पुढे केली. "धर. ही सगळ्यांत हलकी. पुढं बसते ना."