बटणाखालची रिकामी पट्टी

उत्कर्षाचं ऑफिस सोलापुरात सात रस्ता चौकाजवळ, एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर होतं. शेतातली मोटार मोबाईलवरून चालू-बंद करता यावी, असं एक ॲप तिची कंपनी चालवत होती. ॲप चालायचं बरं, पण त्यातला मेनू म्हणजे लग्नघरातलं कपाट. हवं ते सोडून बाकी सगळं हाताला लागायचं. ते कपाट नीट लावायचं काम उत्कर्षाकडे आलं. लोक ॲप कसं वापरतात ते बसून बघायचं, आणि कुठली गोष्ट कुठं ठेवली म्हणजे त्यांना पटकन सापडेल ते ठरवायचं.

बघायला ती आपल्याच गावी गेली. उजनी धरणाच्या फुगवट्याकाठी तिच्या वडिलांची, कोंडीबांची, केळीची बाग आणि उसाची शेती होती. पाण्यावरची मोटार त्यांच्यात आणि शेजारच्या अभिमन्यूकाकांत सामाईक होती. ॲप दोघांच्याही फोनवर होतं. कुणीही कुठूनही बटण दाबलं की मोटार चालू व्हायची.

गावच्या विकास सोसायटीच्या कट्ट्यावर तिने बावीस कार्डं मांडली. एकेका कार्डावर ॲपमधली एकेक गोष्ट लिहिलेली होती: मोटार चालू, लाईट आली का, वेळ लावा, तक्रार. एकमेकांचं बघून कुणी करू नये म्हणून एकेकालाच बोलावलं. ज्या गोष्टी एकत्र असाव्यात असं वाटतं, त्यांचा गठ्ठा करा म्हणाली. पहिल्या माणसाने गठ्ठे केले आणि विचारलं, "ताई, एक कार्ड ऱ्हायलं की."

"कुठलं?"

"पान्यात कोन हाय ते."

तिने हसून वहीत लिहून घेतलं. दुसऱ्यानेही तेच कार्ड मागितलं. आठव्या माणसापर्यंत तिचं हसू आटलं होतं. खेड्यातली माणसं शहरातून आलेल्या पोरीची फिरकी घेतात, हे तिला माहीत होतं. पण फिरकी घेणारा डोळ्यांतून हसतो. इथं कुणीच हसत नव्हतं.

मग तिने त्यांच्याच फोनवर त्यांना मोटार चालू करायला लावली. प्रत्येकाचा अंगठा बटणाच्या आधी खालच्या कोऱ्या पट्टीवर जाऊन थांबला. तिने घड्याळ लावून बघितलं. प्रत्येक जण चार सेकंद थांबत होता.

"काका, इथं काय बघता?" तिने अभिमन्यूकाकांना विचारलं.

"नाव येतंय की हितं. मोटारीच्या पाइपाच्या तोंडाची जाळी साफ कराया कोन पान्यात उतरलं असलं की त्याचं. नाव हाय तवर बटन दाबायचं न्हाय. मानूस भाईर आला की नाव जातंय."

"आणि नाही गेलं तर?"

काका फोनकडे बघत राहिले. "भानुदासचं न्हाय गेलं अजून."

गावातला भानुदास दोन वर्षांपूर्वी आपल्या मोटारीची जाळी साफ करायला पाण्यात उतरला होता. तो सापडलाच नाही. त्याची मोटार तेव्हापासून बंद होती आणि तिच्या पाइपांवर वेली चढल्या होत्या.

उत्कर्षाने काकांचा फोन हातात घेतला. पट्टी पांढरी होती, स्वच्छ पांढरी. ॲप लिहिणाऱ्या विरेशला तिने तिथूनच फोन लावला. तो म्हणाला, "तिथं काहीच नाही. जाहिरातीसाठी जागा सोडली होती, जाहिरात मिळाली नाही."

दुपारी जेवताना तिने वडिलांपुढे विषय काढला. "आबा, तुम्हालाही नाव दिसतं असं तुम्ही तरी नका म्हणू."

कोंडीबांनी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. "तुला दिसत न्हाय तर न्हाय. माजं काय म्हननं न्हाय. पर पोरी, ती जागा तेवडी ऱ्हाऊ दे."

तिला त्यांची लाज वाटली. नंतर लाज वाटल्याचीही लाज वाटली. पण ऑफिसात साहेबांसमोर, पृथ्वीराजसरांसमोर, हे मांडायचं तरी कसं? तिने अहवालात लिहिलं: वापरणारे रिकाम्या जागेपाशी अडखळतात, चार सेकंद वाया जातात, जागा काढून बटण मोठं करावं. मागितलेल्या तेविसाव्या कार्डाचा उल्लेख तिने गाळला. पृथ्वीराजसर खूश झाले. चार सेकंद वाचवणारी पोरगी म्हणून ऑफिसात तिचं कौतुक झालं आणि खरं सांगायचं तर तिला ते आवडलंही.

सोमवारी नवं ॲप सगळ्यांच्या फोनवर आपोआप चढलं. बटण आता भाकरीएवढं होतं.

गुरुवारी ती लोकांना ते कसं वाटतंय ते बघायला गावी निघाली. ताडून बघायला ऑफिसचा चाचणीचा फोन बरोबर होता. त्यात जुनंच ॲप होतं, आबांच्या मोटारीला जोडलेलं. फाट्यावर उतरली तेव्हा अकरा वाजून गेले होते. लाईट आली होती. काठाने चार-पाच मोटारी घुमत होत्या. केळीच्या बागेतून चालता चालता तिने जुनं ॲप सहज उघडलं.

पट्टीत नाव होतं.

कोंडीबा.

साधी काळी अक्षरं. तिने पडदा पुसला. अक्षरं पुसली गेली नाहीत.

तिने आबांना फोन लावला. घंटी वाजत राहिली. तिने अभिमन्यूकाकांना लावला.

"काका, मोटार?"

"मी टेंभुर्नीत हाय. चालू केली की आत्ताच. का गं?"

"आबा पाण्यात आहेत! बंद करा!"

काका रडवेल्या आवाजात म्हणाले, "आता बघाया जागाच न्हाय की पोरी."

काठावरची एक मोटार थांबली. बाकीच्या घुमतच होत्या.

ती पळाली. चप्पल चिखलात राहिली, ती अनवाणी पळाली. पाण्याकडची वाट घरावरूनच जात होती.

ओट्यावर आबा बसले होते.

नखशिखांत ओले. सदरा अंगाला चिकटलेला. पण बसलेले, डोळे उघडे.

तिला रडू फुटलं. ती पायरीवरच बसली. "आबा, जीव गेला होता माझा! आलात ना बाहेर?"

"दमलीस," ते म्हणाले. "पानी पी."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्याने तिला जास्तच लागलं. "चुकलं माझं. ती जागा परत ठेवायला लावते. आजच."

"ठेव," आबा म्हणाले. "बाकीच्यांना हुईल."

त्यांच्या सदऱ्यातून पाणी ठिबकत होतं. एवढ्या उन्हात ओटा वाळत नव्हता. ती हुंदका गिळून हसली आणि नाव गेलं का ते बघायला फोन वर धरला.

मग फोन खाली केला. पुन्हा बघितलं.

"आबा, आई कुठंय?"

"पान्याकडं पळत गेली."

"कशाला?"

आबांनी तिच्याकडे बघितलं. लहानपणी ताप आला की बघायचे तसं.

"मलाच हुडकाया की."

काठाकडून आईची हाक आली. मग दुसरी, आणखी लांबून. हातातल्या फोनवर नाव तसंच होतं.