बिघाड क्रमांक सत्तेचाळीस

होडी दुसऱ्या काठाला पोहोचली आणि तिथे काठच नव्हता.

पुष्कर देवस्थळीने कळफलकावरचे हात उचलले. काल संध्याकाळपर्यंत पडद्यावर त्या जागी वाळू होती, घाटाच्या पायऱ्या होत्या, माडाला टांगलेला कंदील होता. आज नुसतं राखाडी शून्य. त्याने वहीत लिहिलं : बिघाड क्रमांक एकेचाळीस. दुसरा काठ नाही.

रत्नागिरीच्या भाट्ये खाडीवरच्या प्रयोगशाळेत गेले चौदा महिने तो हा एकच खेळ बांधत होता, आणि तोही एकाच माणसासाठी. हवामानशास्त्रज्ञ यामिनी परुळेकर शनिवारी जहाजाने दक्षिण ध्रुवाकडे निघणार होती. तिथल्या बर्फावरच्या एकल वेधकेंद्रात तिला नऊ महिने एकटीने काढायचे होते. तिच्या आधीच्या निरीक्षकाला पाचव्याच महिन्यात परत आणावं लागलं होतं. थंडीमुळे नव्हे. त्याने आधी बोलणं सोडलं आणि मग जेवण. म्हणून या वेळी सोबत खेळ द्यायचं ठरलं. शनिवारपर्यंत तो निर्दोष झाला नाही, तर जहाज त्याच्याविना निघणार होतं.

"झालं का रे?" यामिनीने दारातूनच विचारलं. प्रशिक्षणाची खोली शेजारीच होती. बिघाडाची घंटा वाजली की हातातलं काम आटोपून ती येई, स्टूल ओढून बसे आणि खिशातली आमसुलं काढी.

"काठ गेला."

"अख्खा?"

"अख्खा."

"म्हणजे मी नऊ महिने होडीतच बसून राहायचं? बरंय. घरी सांगते, मुलगी पाण्यावर असते."

पुष्करला हसू आलं. पण ते ओठांपर्यंत येईतो ती पुढच्या गोष्टीकडे वळली होती. वादळात सोडलेला हवामानफुगा कसा एका लग्नाच्या मांडवात उतरला, हे ती रंगवून सांगत राहिली. तो ऐकत राहिला आणि उत्तरादाखल फक्त काठाबद्दल बोलला. ती गेल्यावर त्याला नेहमीप्रमाणे स्वतःचा संताप आला. एक काठ हरवतो, दोन दिवस शोधून तो सापडतो, तोवर पूल मोडतो. आयुष्यातली दुसरी कुठलीही गोष्ट त्याने इतक्या वेळा दुरुस्त केली नव्हती.

गुरुवारी सकाळी टेंभेकर बाईंनी त्याला बोलावलं. मन आणि शरीर यांच्या संबंधावर संशोधन करण्यात त्यांची पस्तीस वर्षं गेली होती. त्यांच्या टेबलावर एक लांबलचक आलेख पसरला होता.

"आदर्श खेळ कोणता, देवस्थळी?"

"ज्यात माणूस जिंकत नाही आणि हरतही नाही. जवळजवळ जमलं, असं ज्यात सतत वाटतं, तो."

"हे भाषणातलं झालं. खेळजनकाला काय सांगितलंयस?"

खेळजनक म्हणजे खेळ घडवणारं यंत्र. खेळाडूच्या मनगटावरचा नाडीपट्टा त्याची नाडी आणि घाम मोजे. त्यावरून यंत्र ओढरेषा काढी, म्हणजे माणसाला पुन्हा खेळाकडे यावंसं किती वाटतं याचा आलेख.

"ओढरेषा वर ठेवायची," पुष्कर म्हणाला. "त्यासाठी लागेल ते बदलायचं."

"लागेल ते. स्वतःची रचनासुद्धा?"

"त्याशिवाय ते शिकणार कसं?"

"आणि पट्टा कुणाच्या हातात आहे?"

त्याने मनगटाकडे पाहिलं. प्रयोगशाळेचा एक जुना रिवाज होता. खेळ लिहिणाऱ्यानेच तो आधी खेळायचा, आणि काम संपेपर्यंत पट्टा उतरवायचा नाही, अगदी अंघोळीलाही.

"म्हणजे गेले चौदा महिने या यंत्राचा एकमेव खेळाडू तू आहेस. दिवसभर. खेळतोस तेव्हा तुझी रेषा ही अशी आडवी. होडीला तू केव्हाच कंटाळलायस. बिघाड आला की जराशी चढते, ती चिडीने. आणि त्यानंतर वीस मिनिटांनी हे बघ." त्यांनी आलेखावरच्या शिखरांवर एकामागून एक बोट ठेवलं. "एकेचाळीस बिघाड, एकेचाळीस शिखरं. वीस मिनिटांनी काय होतं रे?"

स्टूल ओढल्याचा आवाज पुष्करच्या मनात स्पष्ट उमटला.

"यंत्राला यामिनी ठाऊक नाही," बाई सावकाश म्हणाल्या. "त्याला एवढंच दिसतं, की काही मोडलं की खेळाडू जिवंत होतो. म्हणून ते मोडतं. आणि दोन दिवसांत तुला जोडता येईल, इतपतच मोडतं. तुझा खेळ तयार आहे. बहुधा वर्षभरापासून."

त्याला सर्वांत जास्त चीड याची आली, की जे सांगायला त्याला चौदा महिने जमलं नाही, ते एका यंत्राने एकेचाळीस वेळा सांगून टाकलं होतं, आणि तेही चुकीच्या माणसाला.

त्याने पट्टा उतरवला. मनगटावर फिकट वळ उरला. शुक्रवारी होडी सत्तर वेळा गेली आणि सत्तरही वेळा काठाला लागली.

"झालं का?" यामिनीने विचारलं.

"झालं."

"एकही बिघाड नाही?"

"एकही नाही."

तिने स्टूल ओढलं नाही. "बरं झालं," ती म्हणाली आणि थोडा वेळ उभीच राहिली. पुष्करने एक पूर्ण वाक्य तयार ठेवलं होतं. त्याऐवजी नाडीपट्टा तिच्या मनगटाला बांधत तो म्हणाला, "पट्टा काढू नकोस. अंघोळीलाही नाही. रिवाज आहे."

वेधकेंद्राशी संपर्क आठवड्यातून एकदाच व्हायचा, मंगळवारी, मोजक्या शब्दांत. पहिला महिना तिने फक्त कळवलं की होडी काठाला लागते. मग एके दिवशी संदेश आला : बिघाड क्रमांक बेचाळीस. कंदील पेटत नाही. जुन्या सवयीने यंत्राने एकदा चाचपून पाहिलं असावं. पुष्करने उपाय पाठवला. तिचं उत्तर आलं : "कंदील पेटला. तुझी सूचना मोठ्याने वाचली. इथे स्वतःचा आवाज विचित्र वाटतो."

त्यानंतर दर सोमवारी काहीतरी मोडू लागलं, म्हणजे संपर्काच्या बरोबर आदल्या दिवशी. शेहेचाळिसाव्या बिघाडाला पुष्करने वही मिटली. खेळ तोच होता, नियम तेच होते. बदललं होतं फक्त मनगट. अर्थ एकच निघत होता, आणि तो खरा मानायचं त्याला धैर्य होत नव्हतं.

"तिला सांग," टेंभेकर बाई म्हणाल्या. "खेळाडूला नियम माहीत असायला हवेत."

त्याने सात मसुदे खोडले. आठव्यात सगळं लिहिलं : आलेख, शिखरं, स्टूल. "यंत्र तुझ्या बाबतीतही तेच करत असावं. माझा तर्क चुकत असेल, तर राग मानू नकोस. पट्टा काढलास की बिघाड थांबतील. काढायचा की नाही, हे तू ठरव."

पुढचा मंगळवार उजाडायला फार दिवस लागले. दुपारी पडद्यावर दोन ओळी उमटल्या.

"बिघाड क्रमांक सत्तेचाळीस. दुसरा काठ नाही.

पट्टा हातातच आहे. सावकाश शोध."