खोटं ठरलेलं घड्याळ

काकांचं घड्याळ खोटं ठरलं, त्या दिवशी त्यांच्या दिवाणखान्यात संग्राहक मंडळाची बैठक होती. मंडळाच्या पारख्याने नवी टूम काढली होती. सगळं पारदर्शक हवं, ज्याने त्याने आपलं घड्याळ चारचौघांत तपासून घ्यावं.

काकांचं घड्याळ म्हणजे मंडळाची शान. कंपनीने अशी मोजकीच बनवली आणि तीही माणूस पारखून विकली. पाठ काचेची, आतलं यंत्र दिसणारी. काकांनी ते कधी मनगटावर चढवलं नाही. कोरं राहिलं तरच भाव राहतो.

पारख्याने भिंग लावलं आणि पट्ट्यावर बोट ठेवलं. कधी न घातलेल्या घड्याळाच्या पट्ट्याला भोकापाशी सुरकुती कशी? अस्सल कुणीतरी लांबवलंय, ही नक्कल आहे. पक्क्या तपासणीसाठी तो ते घेऊन गेला आणि दुसऱ्या दिवशी नकलेच्या दाखल्यासह परत देऊन गेला.

घड्याळाच्या कपाटाची चावी काकांखेरीज फक्त पुतण्याकडे. ज्याला पोटच्या पोरासारखं वाढवलं, त्याला काकांनी त्याच संध्याकाळी घराबाहेर काढलं.

पुतण्या थेट वहिनींकडे आला. सगळेच त्यांना वहिनी म्हणत; त्या खासगी तपास करायच्या. त्यांचे धाकटे दीर, भाऊजी, गाडी चालवायचे आणि दर खेपेला हटकून चुकीचा चोर पकडायचे. "मला घड्याळ नको," पुतण्या म्हणाला, "काकांच्या नजरेत मी चोर राहायला नको."

आधी वहिनी आणि भाऊजी काकांकडे गेले. काका घड्याळाकडे बघायलाही तयार नव्हते. भाऊजींनी ते उचलून मनगटावर लावायला घेतलं, तरी त्यांनी अडवलं नाही. खोटंच आहे, घाला की, म्हणाले. पट्टा बक्कलात शिरेना, तेव्हा भाऊजींनी नाद सोडला.

"कसा आहे?" वहिनींनी विचारलं.

"नव्या चपलेसारखा. मेला वाकतच नाही."

मग घड्याळजी. महिन्यापूर्वी काकांनी त्याच्याकडून यंत्र बघून घेतलं होतं. यंत्र अस्सल होतं आणि पट्टा कोरा करकरीत, असं तो छातीठोक सांगत होता. अदलाबदल झाली असेल तर नंतर, घरातच.

"मग पुतण्याच," गाडीत बसताच भाऊजी म्हणाले.

"अगदी तुमच्यासारखंच सगळ्यांना वाटावं, हेच पारख्याला हवं होतं," वहिनी म्हणाल्या आणि त्यांनी गाडी पुतण्या आता राहत होता त्या मित्राच्या खोलीकडे वळवायला लावली.

तिथे पुतण्याला त्यांनी फैलावरच घेतलं. अखेर त्याने कबूल केलं. पंधरवड्यापूर्वी लग्नाच्या बोलणीसाठी मुलीच्या वडिलांना भेटायला जाताना भाव मारायला म्हणून त्याने घड्याळ घातलं होतं. गुपचूप परत ठेवलं.

वहिनींचे डोळे चमकले. त्यांनी तिथूनच फौजदारांना फोन लावला.

दुसऱ्या दिवशी पारख्याच्या कार्यालयात काका, घड्याळजी आणि फौजदार जमले. भाऊजींना तर खुर्चीत बसवत नव्हतं.

"बैठकीत जे घड्याळ होतं त्याच्या पट्ट्याला सुरकुती होती," वहिनी म्हणाल्या. "हे पारखी स्वतःच सगळ्यांदेखत बोलले. ती पडली पुतण्याच्या मनगटावर. आता हे परत आलेलं घड्याळ बघा. पट्टा ताठ, सुरकुतीचा मागमूस नाही. म्हणजे बैठकीतलं घड्याळ वेगळं, हे वेगळं. मधल्या वेळात ते एकाच माणसाच्या हातात होतं."

"पण चोरी तर आधीच झाली होती ना?" भाऊजी गोंधळले.

"आधी काही झालंच नव्हतं, भाऊजी. यांनी अस्सलला खोटं म्हटलं, सोबत नेलं आणि तयार ठेवलेली नक्कल परत दिली. चोरी त्या आरोपानंतर झाली."

पारखी हसला. एवढा हुशार चोर सुरकुतीचा पट्टा नकलेवर चढवायला विसरेल?

"विसरला नाहीत. कंपनीचा पट्टा काढला की अस्सल घड्याळाचाही भाव पडतो, म्हणून तुमचा हात धजला नाही. शिवाय एकदा खोटं ठरलेल्या घड्याळाकडे पुन्हा कोण बघतं? काकांनीही बघितलं नाही."

काकांनी मान खाली घातली.

फौजदारांनी तिजोरी उघडायला सांगितली. आतल्या डबीत घड्याळ होतं, पट्ट्याला भोकापाशी सुरकुती. घड्याळजीने काचेतून यंत्र बघितलं आणि मान डोलावली.

परतताना भाऊजींनी काकांना हळूच विचारलं, पोराला कळवलंत का?

"कोणत्या तोंडाने कळवू?" काका म्हणाले.

पारखी कोठडीत आहे, घड्याळ काकांच्या घरी आहे. पुतण्या अजून मित्राच्या खोलीवर राहतो. काकांनी त्याची माफी मागितलेली नाही.