करड्या स्क्रीनवरचा त्रिकोण

हे माझ्या मावसबहिणीच्या बाबतीत घडलंय. पटलं तर घ्या, नाही तर सोडून द्या, पण यात पदरचं एक अक्षरही घातलेलं नाही. आणि यात मध्यरात्र, पडकं घर असलं काही शोधू नका. गुरुवार होता, दुपारचे सव्वातीन वाजले होते.

ताई तान्ह्या मुलांच्या नजरेवर संशोधन करते. बाळ कुठे बघतं, किती वेळ बघतं, ते मोजायचं. स्क्रीनखाली एक यंत्र असतं. ते डोळ्यांचा माग काढतं आणि नजर जिथे थांबेल तिथे ठिपका टाकतं. बाळ आईच्या मांडीवर बसतं. आईला मात्र काचांना काळा रंग दिलेला चष्मा घालावा लागतो. आईनं काही पाहिलं की तिचं अंग नकळत हलतं आणि बाळही तिकडे वळतं. म्हणून आईनं आंधळं होऊन बसायचं.

ताईची स्वतःची मुलगी चिंगी आठ महिन्यांची झाली आणि ताईला एक गोष्ट खटकायला लागली.

चिंगी तिच्या चेहऱ्याकडे बघायचीच नाही.

छताकडे बघेल, दिव्याकडे बघेल, आईकडे नाही. भावजी म्हणायचे, "तुला जिकडे तिकडे तुझं संशोधनच दिसतं." पण जगाच्या पोरांचे डोळे मोजणाऱ्या बाईला घरातलं कळणार नाही होय?

शेवटी त्या गुरुवारी ती चिंगीला घेऊन स्वतःच खुर्चीत बसली. खोली छोटी. खिडकी नाही. दार बंद. यंत्र चालवणारा सहकारी शेजारच्या खोलीत. ताईनं काळा चष्मा चढवला.

पाच सेकंद एक चेहरा, मग पाच सेकंद कोरी करडी स्क्रीन. असे बारा चेहरे.

पहिले तीन गेले. चिंगीची चुळबुळ चालूच होती.

मग अंगठा चोखायचा आवाज थांबला...

ताईला वाटलं, झोपली की काय.

तेवढ्यात चिंगी खुदकन हसली.

ताईला इतकं बरं वाटलं की चष्म्याआड तिचे डोळे भरून आले. पोरगी चेहरे बघतेय, बघून हसतेय. आता कशालाच भ्यायचं कारण नाही.

चिंगीनं हात पुढे केला. तिचा दंड ताईच्या हातात होता, त्यावरून कळत होतं. हात हवेत थांबला... आणि बोटं काहीतरी चाचपू लागली.

स्क्रीन तिथून चांगली हातभर लांब होती.

चाचणी संपली तसा सहकारी आत आला. "मॅडम, तुम्ही मधे पुढे वाकला होतात का?"

"मी हललेसुद्धा नाही. का रे?"

त्यानं ठिपके दाखवले. चेहऱ्यांच्या फोटोंवर एकही नव्हता.

सगळे कोऱ्या स्क्रीनवर होते.

माणसाचा चेहरा बघताना आपली नजर एका डोळ्यावरून दुसऱ्यावर जाते, तिथून तोंडावर, परत डोळ्यांवर. ठिपके जोडले की उलटा त्रिकोण होतो. ताईनं असे हजारो त्रिकोण पाहिलेत.

चौथ्या चेहऱ्यानंतरच्या कोऱ्या स्क्रीनवर नखाएवढा त्रिकोण होता.

पाचव्यानंतर नाण्याएवढा...

आठव्यानंतर तळहाताएवढा...

लांबून कोणी चालत येताना त्याचा चेहरा मोठा होत जातो, तसा.

बाराव्यानंतरचे ठिपके स्क्रीनच्या कडांना टेकले होते.

"मशीन गंडलंय," सहकारी म्हणाला. पण त्या खोलीत तो पुन्हा एकटा बसला काही नाही.

दुसऱ्या दिवसापासून चिंगी आईकडे बघायला लागली. टक लावून. भावजींनी सगळ्या नातेवाइकांना फोन केले. ताईचा जीव भांड्यात पडला. चार दिवस ती हवेतच होती.

पाचव्या दिवशी तिला राहवलं नाही. या वेळी स्क्रीन काढून टाकली आणि चिंगीसमोर ती स्वतः बसली. चिंगी तिच्याकडे बघून हसली. चिंगीच्या मागे लावलेल्या कॅमेऱ्यानं ताईच्या चेहऱ्याचा फोटो घेतला, ठिपके त्यावर उमटले.

वरचे दोन तिच्या कानांच्या बाहेर पडले होते. तिसरा गळ्यावर.

सहकाऱ्यानं यंत्र स्वतःच्या डोळ्यांवर लावून पाहिलं. चोख चालत होतं.

चेहरा मोठा दिसतो, म्हणजे तो जवळ असतो. ताईला हे कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. तिच्यापेक्षाही जवळ कोणीतरी होतं.

मध्यंतरी मी त्यांच्याकडे गेले होते. चिंगी माझ्याकडे बघून गोड हसली. मला सगळं माहीत होतं, म्हणून मी चटकन मागे वळून पाहिलं.

"मागे नको बघूस," ताई म्हणाली. "मागे नाहीये ते."

मग तिनं चिंगीला उचललं आणि नाकाला नाक टेकवलं. मधे बोटभरही जागा ठेवली नाही. "एवढं जवळ घेतलं ना, की तिला मीच दिसते," ती म्हणाली.

चिंगीनं आईच्या डोळ्यांत पाहिलं...

आणि किंचाळून रडायला लागली.

ताईनं तिला हातभर लांब धरलं, तेव्हा कुठे ती मधल्या रिकाम्या जागेकडे बघत शांत झाली.

हे काय आहे, मला आजही सांगता येत नाही. मी रोज फोन करून चिंगीची चौकशी करते. घरी जायचं मात्र काही ना काही निमित्त काढून टाळते.