तारणाचा लोटा

२०१६च्या एप्रिलमध्ये औरंगाबादेत आमच्या भागातल्या नळाला चौथ्या दिवशी पाणी येत होतं. क्रांती चौकामागे माझी दहा बाय बाराची खोली होती. तिथून मी जुन्या वस्तू ऑनलाइन लिलावाला लावत असे. फारूखभाई टेम्पो घेऊन गावोगाव फिरायचे आणि वस्तू आणायचे. त्या पुसणं, मोजणं, फोटो काढणं आणि ग्राहकांच्या प्रश्नांना उत्तरं देणं हे माझं काम. मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलेलं. वजन ग्रॅममध्ये लिहायचं आणि वस्तू हातात घेऊन पाहिल्याशिवाय उत्तर द्यायचं नाही, हे दोन नियम मी कधी मोडले नाहीत.

प्रश्न बहुतेक वेडगळ असत. "अडकित्त्याबरोबर सुपारी मिळेल का?" "कंदील दिवसा कसा दिसतो?" दगडी जात्याखाली एकाने विचारलं होतं, "यातच वजनाला हलकं आहे का?" मी प्रत्येकाला लिहायची. फारूखभाई हसायचे.

"ताई, तुम्ही तर असा जवाब देता जैसे बोर्डाचा पेपर है. लिहा ना सरळ, की घे आणि बघ."

एका मंगळवारी त्यांनी बिडकीनकडच्या एका गावातून गळ आणला. मासे धरायचा नव्हे. विहिरीत पडलेली घागर, बादली काढायचा. लोखंडी कडी, तिला अकरा वाकडे आकडे, वर दोर बांधायला गोल कडं. वजन एक हजार आठशे चाळीस ग्रॅम. गळाबरोबर एक पितळी लोटाही होता. "हा तुमच्या टेबलासाठी," म्हणाले. मी तो चिंचेने घासला आणि त्यात पेनं ठेवली. गळ भिंतीच्या खिळ्याला टांगून पाच फोटो काढले.

दोन दिवसांत चार प्रश्न आले. "याचं झुंबर होईल का?" "मुंबईला पाठवताना टोचणार नाही ना?" चौथा प्रश्न ज्या खात्यावरून आला, त्याला नाव नव्हतं, नुसते आकडे होते. चित्राची जागा रिकामी.

"गळ ओला आहे का?"

मी उठून हात लावला. कोरडा होता. तसं लिहिलं. दुपारी पुन्हा तिकडे लक्ष गेलं, तर खाली अंथरलेल्या वर्तमानपत्रावर बांगडीएवढा ओला डाग होता. शेजारी माठ होता. माठ पाझरतो. मी माठ हलवला.

दुसऱ्या दिवशी, त्याच खात्यावरून: "दोर किती लागला?"

मी लिहिलं, "दोर सोबत मिळणार नाही."

तिसऱ्या दिवशी: "लोटा कुठं ठेवला?"

मी पाचही फोटो मोठे करून पाहिले. लोटा कशातच नव्हता. तो भिंतीसमोरच्या टेबलावर होता, माझ्या उजव्या हाताशी.

फारूखभाईंना फोन केला. ते म्हणाले, "गळ विकणाऱ्या मावशी बोलल्या होत्या, गळ न्या, लोटा माझा नाही. मी समजलो, त्यांचा नाही म्हणजे कोणाचाच नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गळ आणि लोटा घेऊन निघालो. बिडकीनच्या अलीकडे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जमिनी सपाट केलेल्या होत्या. नवे विजेचे खांब उभे होते, तारा अजून आल्या नव्हत्या. गावाच्या वेशीवर पाण्याच्या टँकरची वाट पाहत घागरींची रांग होती.

त्या मावशी, केसरबाई, ओट्यावर तूर पाखडत होत्या. लोटा पाहताच सूप खाली ठेवलं.

"भाईजान, ह्यो कशाला नेला? तारनाचा हाय त्यो."

"म्हणजे काय, मावशी?" मी विचारलं.

"आख्ख्या गावात गळ आमच्याच घरी. न्यायाचा तर लोटा ठिवून जायाचं. गळ आनून दिला की लोटा न्यायाचा. न्हायतर लोक गळ विहिरीतच घालवत्यात अन् गप बसत्यात."

"मग हा कोणाचा?"

"कचरूचा. बूड बघा."

बुडाला ठिपक्यांनी कोरलं होतं: रा. क. घासताना मला ते ओरखडे वाटले होते.

मागच्या दुष्काळात, तीन वर्षांपूर्वी, कचरूच्या बायकोची घागर विहिरीत पडली. कचरू लोटा ठेवून गळ घेऊन गेला. सकाळी गळ केसरबाईंच्या खुंटीला होता, ओला. लोटा तिथंच. कचरू पुन्हा दिसला नाही. गाव म्हणालं, वीटभट्टीवरच्या एका बाईबरोबर गुजरातला पळाला.

"गळ कोणी आणून टांगला?"

"म्या पाह्यलं नाय," केसरबाई म्हणाल्या. मग हळूच, "पळनारा मानूस गळ द्यायाला यील, अन् लोटा ठिवून जाईल व्हय?"

त्यांनी पलीकडच्या घरी हाक मारली. कचरूची बायको राजाबाई आली. पस्तिशीची, उंच, हातात रिकामी कळशी. तिनं लोटा घेतला, उलटा केला, अंगठ्यानं ठिपके चाचपले.

"तीन वर्सं म्या त्याला शिव्या देतीय," ती म्हणाली. "रोज. आन् त्यो खाली असंल तर?"

तिनं कळशी ओट्यावर ठेवली.

"उद्या सकाळी हीर बुजवनार हायेत. रस्ता जातुया. म्याडम, तुमचा गळ एक डाव द्या. गेला का पडला, येवढंच कळू द्या."

मी गळ पुढे केला. तिनं लोटा माझ्या हातात ठेवला.

"याची गरज नाही," मी म्हटलं.

"गळ तुमचा हाय. तारन ठिवल्याबिगर कसा नेऊ?"

केसरबाईंनी मान हलवली. मी लोटा पर्समध्ये ठेवला.

विहीर कोरडी होती. ऊन थेट तळावर पडलं होतं. भेगाळलेला गाळ, एक चप्पल, बाभळीची फांदी. मी खडा टाकून वेळ मोजली. दीड सेकंद. म्हणजे अकरा मीटर. फारूखभाईंनी टेम्पोतली नवी दोरी दिली. तिच्या वेष्टनावर तीस मीटर लिहिलेलं होतं.

राजाबाई दोरी सोडत गेली.

अर्धी दोरी संपली. ती सोडतच होती. दोरी ताणलेली होती, खाली वजन असावं तशी. मग शेवटचं टोक तिच्या मुठीत आलं आणि हाताला हिसका बसला.

मी वाकून पाहिलं. तळ दिसत होता. चप्पल दिसत होती. गळ दिसत नव्हता.

"ताई, चला," फारूखभाई म्हणाले. "चलो यहाँ से."

राजाबाईनं दोरी वर ओढली. गळ रिकामा आला. अकराही आकड्यांवरून पाणी गळत होतं. तिनं ते बोटावर घेतलं, हुंगलं.

"पानी हाय," ती म्हणाली. तिचा चेहरा मोकळा झाला होता. "तुमी व्हा म्होरं. म्या आनखी दोन-चार डाव टाकते. गळ उद्या आनून देते. लोटा तेवढा जपा, म्याडम."

मी थांबायला हवं होतं. विहिरीच्या बाजूला कपार असेल, त्यात झरा असेल, दोरी तिकडे वळली असेल, असं मी टेम्पोत बसून वहीत लिहीत होते. शेंदऱ्या रंगाची धूळ काचेवर बसत होती. फारूखभाई करमाडच्या एका गिऱ्हाइकाबद्दल काहीतरी बोलत राहिले.

दुसऱ्या दिवशी दहाला त्यांचा गावातून फोन आला. विहीर आठ वाजताच मुरूम टाकून बुजवली होती. राजाबाईचं घर उघडंच होतं, चुलीवर भाकरीचा तवा.

"गावात काय म्हणतात?"

"म्हणतात, नवऱ्याला शोधायला गुजरातला गेली."

मी तेव्हा खोलीचं कुलूप काढत होते. चावी एकच आहे, ती माझ्याकडे असते. आत माठ मी हलवला होता तिथंच होता, दाराजवळ, रिकामा.

गळ खिळ्याला टांगलेला होता.

खालचं वर्तमानपत्र भिजून फरशीला चिकटलं होतं.

मी पर्समधून लोटा काढून टेबलावर ठेवला. पेनं परत घातली नाहीत. लॅपटॉप उघडला. गळाचा लिलाव मी आदल्या संध्याकाळीच बंद केला होता, तरी त्याखाली एक नवा प्रश्न आला होता. या वेळचं खातं वेगळं होतं, आकडे दुसरे. चित्राची जागा तशीच रिकामी.

"लोटा जपून ठेवला ना, म्याडम?"

मी लोटा हातात घेऊन पाहिला. मग लिहिलं, "होय."